शून्य लिहायचं नाही

दादरच्या एका क्लासमध्ये मी बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. वीस वर्षं झाली. मुलं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात हे मला ठाऊक आहे. एक हात खिशात, मान तिरकी, आणि आवाज नाकातून काढून, "शून्य लिहायचं नाही रे. शून्याच्या जवळ लिहायचं."

हे वाक्य किरणोत्सर्गाच्या गणितातलं आहे. एक पदार्थ आहे, तो आपोआप कमी होत जातो, ठरावीक दिवसांत अर्धा होतो, पुढच्या तितक्याच दिवसांत उरलेल्याच्या अर्धा होतो. या ठरावीक काळाला हाफ-लाइफ म्हणतात. आलेख काढला की रेघ खाली खाली येते, आडव्या रेषेच्या अगदी अंगाशी येते, पण टेकत नाही. दरवर्षी पाच-सहा पोरं तरी शेवटी ती टेकवतात आणि खाली शून्य लिहितात. मी लाल पेनाने अर्धा मार्क कापतो. पालक भांडायला आले तरी कापतो. अर्ध्या मार्काने कोणी मरत नाही, पण चुकीचं डोक्यात बसलं की जन्मभर निघत नाही, असं माझं मत होतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ वाईट होती म्हणाले, पण वेळेत सापडली म्हणाले. मग उरलंसुरलं जाळायला म्हणून मला एक गोळी दिली. किरणोत्सर्गी आयोडीन. हाफ-लाइफ आठ दिवस. मी ते ऐकलं आणि हसलोच. माझ्या नोट्समध्ये पान एकोणचाळीसवर हेच उदाहरण होतं. आयोडीन, आठ दिवस, सुरुवातीला शंभर ग्रॅम, तर चोवीस दिवसांनी किती? साडेबारा. वीस वर्षं मी ते फळ्यावर लिहीत आलो आणि आता ते पाण्याबरोबर गिळलं.

परळच्या हॉस्पिटलात तीन दिवस एकट्याला खोलीत ठेवलं. तिथे एक तरुण बाई होत्या, किरण मोजायचं काम त्यांचं. दारातूनच मीटर धरायच्या, आकडा लिहून घ्यायच्या आणि "सर, पाणी प्या भरपूर" म्हणून निघून जायच्या. चौथ्या दिवशी सोडताना हातात एक चिठ्ठी दिली. गोळी घेतल्यापासून दहा दिवस लहान मुलांपासून लांब राहा. भांडी-टॉवेल वेगळे ठेवा. संडासात दोनदा पाणी सोडा. दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती जन्मापासून माझा दंड उशाला घेऊन झोपते. बायकोने कितीदा सवय मोडायचा प्रयत्न केला, पण आम्ही दोघंही बधलो नाही. आता दहा दिवस म्हणजे तिला कुठेतरी पाठवायलाच हवं होतं. लालबागच्या चाळीत आईची खोली आहे, पण तिथे संडास सगळ्या मजल्याचा एक, त्यामुळे मी तिथे जाऊन राहायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मी शिवडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटा राहिलो आणि बायको-मुलगी आईकडे गेल्या.

मला सोडलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारातच आईने चिठ्ठी वाचून घेतली आणि तिच्या कपाळावरची आठीच गेली. "धा दिस? म्हणजे सुवेरच ना रे." घरात मूल जन्मलं की दहा दिवस पाळतात तो सुवेर. देवाला हात लावायचा नाही, कोणाला शिवायचं नाही, अकराव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मोकळं. आईला सगळं एकदम समजलं. मला उलट राग आला. म्हटलं, अगं हा अणूंचा मामला आहे, त्याचा सुवेराशी काय संबंध? बायको तिथेच होती. ती म्हणाली, मग निदान सुतक तरी म्हणू नका म्हणावं त्यांना. आई म्हणाली, "सुतक कित्याक म्हणू? माणूस जिवंत आसा."

त्यानंतर सगळं सुवेरासारखंच सुरू झालं. आई रोज सकाळी डबा घेऊन शिवडीपर्यंत चालत यायची, दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, बेल वाजवायची आणि मी दार उघडायच्या आत जिन्याजवळ जाऊन उभी राहायची. आदल्या दिवसाचा डबा मी घासून बाहेर ठेवलेला असे, तो ती नेत नसे. चार-पाच दिवसांत माझ्याकडे स्टीलचे पाच डबे जमले. मला वाटायचं, ही बाई मूर्ख आहे. आणि चिठ्ठीतही तेच लिहिलं होतं, भांडी वेगळी. मी चिठ्ठी पाळत होतो आणि ती सुवेर पाळत होती आणि दोघांचं वागणं तंतोतंत सारखं होतं. हे काही मला नीट पचेना.

एकटा बसल्यावर काय करणार? मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सुरुवात शंभर. आठव्या दिवशी पन्नास. दहाव्या दिवशी किती? बेचाळीस. मी पुन्हा केलं. बेचाळीसच.

इथे माझं डोकं फिरलं. शंभरातले बेचाळीस अंगात असताना मी पोरीला जवळ घ्यायचं? हे काय गणित आहे यांचं? चिठ्ठी छापील होती, सगळ्यांना तीच देत असणार. गळ्यात गाठ झालेल्या माणसाला आकडेमोड कुठे येते, असं समजून छापली असणार. मी आकडेमोड करू शकत होतो. मग मी स्वतःलाच विचारलं, बरं, तुझ्या हिशेबाने किती दिवस? आणि मला उत्तर देता येईना. चोवीस दिवसांनी साडेबारा. चाळीस दिवसांनी तीन. छप्पन दिवसांनी एकाच्याही खाली. पुस्तकात विचारतात, किती दिवसांनी एक टक्का उरेल. विद्यार्थी करतो, उत्तर बरोबर येतं, पुढचं गणित. पण एकच टक्का का, पाच का नाही, अर्धा का नाही, हे वीस वर्षांत एकाही पोराने मला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. किती उरलं म्हणजे पुरे, हे त्या समीकरणात कुठेच नाही. मी ते चारी बाजूंनी उलटंपालटं करून पाहिलं. त्यात फक्त कमी होणं आहे.

संध्याकाळी सहाला मी चालत लालबागला जायचो आणि चाळीच्या अंगणात, नळाच्या पलीकडे उभा राहायचो. मुलगी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत यायची. कठड्याच्या दोन गजांमधून तोंड काढायची आणि ओरडायची, "आज किती?" हा खेळ मीच तिला लावला होता, हॉस्पिटलातून फोनवर. पहिल्या दिवशी ब्याण्णव, मग चौऱ्याऐंशी, मग सत्त्याहत्तर. आता अंगणातून ओरडायचो. एकाहत्तर. पासष्ट. साठ. चाळीतली माणसं आपापल्या दारातून ऐकायची. खालच्या मजल्यावरचे एक काका मला वाटेत गाठून म्हणाले, "काय मास्तर, पंचावन्न झाला म्हणे. चांगलंय, उतरतंय." त्यांना तो ताप वाटत होता की काय, देव जाणे.

आठव्या दिवशी मी "पन्नास" म्हणालो तेव्हा तिला फार आनंद झाला. अर्धं झालं, म्हणजे अजून आठ दिवसांत सगळं, असं ती आजीला सांगायला आत पळाली. क्लासमध्ये पहिल्या दिवशी अर्धी पोरं हेच बोलतात. दुसऱ्या दिवशी मी सेहेचाळीस म्हणालो. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग वरून म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा आठ-आठ कमी होत होते. आता चारच कशाने झाले? तू पाणी कमी पितोस का?"

पाणी भरपूर पितोय, म्हणालो. आणि मनातल्या मनात मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. दुसरीतली पोर, फरक काढते. मी तिला खालून समजावलं की जेवढं उरतं तेवढ्याच्या हिशेबाने ते कमी होतं, म्हणून कमी कमी होत जातं. "मग ते आळशी आहे," ती म्हणाली. मी हसलो. तिने पाण्याचं विचारलं होतं ते मी तिथेच सोडून दिलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अकरावा दिवस उजाडला. आई डबा घेऊन आली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. संध्याकाळी अंगणात पोचलो तर गॅलरीत मुलगी नवा फ्रॉक घालून, केसांना रिबिन बांधून उभी. मागे बायको. आईने आत पाणी तापत ठेवलं होतं, शेवयांची खीर केली होती, आणि जिन्याच्या तोंडाशी नारळ घेऊन उभी होती. चिठ्ठीचे दहा दिवस संपले होते. तिच्या दृष्टीने मी आज मोकळा होतो.

मी येणार नाही हे मी आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? कारण किती दिवसांनी येणार हे मलाच ठरवता येत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

"आज किती?" मुलगी ओरडली.

"एकोणचाळीस."

"पण आजी म्हणाली आज संपलं."

तेव्हा गप्प राहायला काय झालं होतं मला? वर येत नाही, दोन दिवसांनी येतो, एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. "आजीला नाही कळत ते," मी म्हणालो, नळावरच्या दोन बायकांसमोर, मोठ्याने. "ते संपत नसतं बाळा. कमी होतं, पण संपत नाही. कधीच शून्य होत नाही."

तिने गजातून तोंड मागे घेतलं. वळून आत गेली. आई नारळ पदराखाली घेऊन माझ्याकडे बघत होती. "तुझ्या गणिताक शेवटचो दिस नाय?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मगे माणसान करूचा काय?"

मी पाठ फिरवली आणि शिवडीला आलो.

दुसऱ्या दिवशी सहाला मी नळाजवळ उभा राहिलो तर गॅलरी रिकामी. थोड्या वेळाने आई बाहेर आली. "ती भायर येवची नाय म्हणता," एवढंच म्हणाली. मी फोन केला, मुलीने घेतला नाही. बायकोने घेतला आणि माझ्यावर जी उखडली, तशी लग्नानंतर कधी उखडली नव्हती. "ती काल जेवली नाही. मला विचारते, बाबाचं संपत नाही म्हणजे बाबा कधीच घरी येणार नाही का? मी काय सांगू तिला? तू सांग, कधी येणारेस? तारीख सांग."

वही समोर उघडी होती, तिच्यात छप्पन दिवसांपर्यंतचे आकडे होते, आणि मी बायकोला एक तारीख देऊ शकत नव्हतो. "बघतो," म्हणालो. तिने फोन ठेवला. तेराव्या दिवशीही गॅलरीत कोणी आलं नाही. मी पंधरा मिनिटं उभा राहिलो. पंचावन्नाचे काका माझ्याकडे न बघताच आत निघून गेले.

चौदाव्या दिवशी हॉस्पिटलात तपासणी होती. मी वही बरोबर नेली. खोटं कशाला बोलू, दाखवायलाच नेली होती. मला वाटत होतं त्या मोजणाऱ्या बाई म्हणतील, वा सर, तुमच्यासारखा पेशंट पाहिला नाही. त्या बाईंनी माझ्यासमोर मीटर धरला, आकडा पाहिला, मग वही हातात घेतली. पहिल्या ओळीपासून वाचत गेल्या. त्यांचा चेहरा गंभीर झाला, मग विचित्र झाला.

"सर, तुम्ही पाणी पीत होता ना?"

"रोज चार लिटर. मोजून."

"आणि दोनदा फ्लश?"

"प्रत्येक वेळी."

"मग ते इथे कुठे आहे?" त्यांनी माझ्या समीकरणावर बोट ठेवलं.

आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा कानापर्यंत गरम झालो. आठ दिवसांत अर्धं होणारं आयोडीन म्हणजे बाटलीत बंद ठेवलेलं आयोडीन. मी बाटली नव्हतो. माझ्या अंगातलं निम्म्याहून जास्त तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे गेलं होतं, त्यासाठीच तर ते पाणी, त्यासाठीच ते दोनदा फ्लश. मी चौदा दिवस इमानाने पाणी ढोसत होतो आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे गणितात धरायला हवं. दुसरीतल्या पोरीच्या मनात आलं होतं. तिने वरून ओरडून विचारलं होतं.

"चिठ्ठीत दहा दिवस लिहिलेत ते सांभाळून, जास्तच धरून लिहिलेत," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, याचे उपकार आहेत. "तुम्ही अकराव्या दिवशी घरी जायला काहीच हरकत नव्हती."

"आता किती आहे?"

"या भिंतीजवळ मीटर धरला तर जेवढं दाखवेल, जवळजवळ तेवढंच."

"म्हणजे शून्य?"

"शून्य कुठेच नसतं सर. भिंतीत थोडं असतं, केळ्यात असतं, तुमच्या-माझ्या हाडांत असतं." त्यांनी कागदावर सही केली. "आम्ही नॉर्मल लिहितो."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. चूक सापडली म्हणजे डोकं स्वच्छ व्हायला पाहिजे. माझं आणखीच गढूळ झालं. माझं समीकरण चुकीचं होतं हे ठीक, ते दुरुस्त करता येईल. पण दुरुस्त केलेलंही टेकणार नव्हतंच. मग या बाईंनी कुठल्या अधिकाराने नॉर्मल लिहिलं? आईने कुठल्या अधिकाराने पाणी तापवलं? दोघींनी एक रेघ मारली आणि म्हणाल्या, बस, इथपर्यंत. मला वीस वर्षांत ती रेघ मारायला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी शंभर-सव्वाशे पोरांचे अर्धे मार्क ती मारल्याबद्दल कापले होते. मला आजही नक्की सांगता येत नाही की त्यांचं बरोबर होतं की माझं.

तिथून थेट लालबागला गेलो. अंगणात न थांबता जिना चढलो. आई दारातच होती. तिला हॉस्पिटलचा कागद दाखवायला लागलो तर तिने बघितलाही नाही. "पयली आंघोळ कर. मगे काय ता बोल." मी मोरीत बसलो आणि मुकाट्याने डोक्यावरून तीन तांबे घेतले. आईने बाहेरून टॉवेल दिला, हातात दिला, बोटाला बोट लागलं तरी हात मागे घेतला नाही.

मुलगी कॉटच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून बसली होती. मी कॉटच्या अलीकडे जमिनीवर बसलो. मध्ये चार हात अंतर.

"किती?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी उत्तर द्यायच्या आत तिने मांडीखालून गणिताची वही काढली आणि कॉटवरून माझ्याकडे सरकवली. त्यात माझे सगळे आकडे एकाखाली एक होते. शंभर, ब्याण्णव, चौऱ्याऐंशी, असे एकोणचाळीसपर्यंत. मी सांगितलेले तिथे संपत होते. त्याच्या पुढचे तिने स्वतः केले होते. छत्तीस, तेहेतीस, एकतीस, एकोणतीस. आधी तीन-तीन कमी, मग दोन-दोन, मग एक-एक. दोन वेळा खोडलं होतं. खाली येत येत एकावर आली होती, आणि त्याच्याखाली पुन्हा एक लिहिला होता. त्याच्याखाली पुन्हा एक. पान उलटलं तर पुढचं पान वरपासून खालपर्यंत एक, एक, एक, एक.

"एकाच्या पुढे काय लिहायचं ते मला येत नाही," ती म्हणाली. "आणि तू म्हणालास शून्य लिहायचं नाही."

मला रडू आलं. आईसमोर, बायकोसमोर, भडाभडा आलं. शर्टाच्या खिशात लाल पेन होतं, ते नेहमी असतं. मी शेवटच्या एकाखाली शून्य लिहिलं. मोठं लिहिलं. त्याला गोल केला आणि बाजूला सही केली, पेपर तपासल्यावर करतो तशी.

तिने वही ओढून घेतली. शून्याकडे बघितलं, सहीवर बोट फिरवून बघितलं. मग कॉटखालून रांगत आली, माझा ओला दंड ओढून मांडीवर घेतला आणि त्याच्यावर डोकं टेकलं. मला वाटलं झोपली.

"परत शंभर होणार नाही ना?"

त्याच सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिन्यांनी तपासू, लागली तर पुन्हा एक गोळी. लागेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हणालो.

तिने वही पुन्हा माझ्यापुढे केली. मी तेही लिहून दिलं.